पेशी वाढल्या खऱ्या, पण आल्या कुठून?
त्वचेला सूज आली की तिथे रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते, पण ती तिथेच जन्मलेल्यांची की रक्तातून आलेल्यांची, हे नुसतं मोजून कळत नाही. काल शंभर होत्या, आज दोनशे झाल्या, म्हणजे डबल झाल्या असं म्हणून मोकळं होता येत नाही. बाहेरून शंभर आल्या तरी आकडा तोच ना!

मग एक युक्ती करतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या आधी ती सगळा डीएनए कॉपी करते आणि त्यासाठी तिला थायमिडीन हा डीएनएचा एक घटक लागतो, तर उंदराला थायमिडीनचा तोतया टोचायचा, ईडीयू म्हणतात त्याला. ज्या पेशींची कॉपी तेव्हा चालू असेल त्या बिनदिक्कत तो डीएनएत बसवून टाकतात. मग दोन-चार तासांतच त्वचा घ्यायची, एन्झाइमने वरचा थर सोलून पेशी सुट्या करायच्या, ईडीयूला चमकणारा रंग चिकटवायचा आणि फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची, म्हणजे चमकणाऱ्या मोजता येतात. इतकी घाई का, तर उशीर केला की बोनमॅरोत, म्हणजे रक्तपेशी बनतात तिथे, खूण घेतलेली पेशीही त्वचेत येऊन बसते आणि आपण फसतो.

दुसरी खूण म्हणजे केआय-६७ हे प्रोटीन. जर्मनीतल्या कील शहरात सापडलं म्हणून केआय, आणि ६७ हा ते ओळखणारी अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या वाणाचा (क्लोनचा) नंबर, बाकी काही गूढ नाही त्यात. टोचाटोची नको, त्यामुळे माणसाच्या बायॉप्सीवरही चालतं. पण पेशी विभाजनाच्या तयारीला लागलीय एवढंच ते सांगतं, झालं का नाही ते नाही.

हे सगळं कशासाठी, तर त्वचेच्या वरच्या थरातल्या लँगरहान्स नावाच्या रोगप्रतिकारक पेशी बघा. १८६८ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स नावाच्या मेडिकल स्टुडंटला त्या दिसल्या आणि फांद्यांमुळे त्याला त्या नसांच्या पेशी वाटल्या. २००२ मध्ये उंदरांवर दिसलं की बोनमॅरो बदलला तरी या पेशी महिनोन्महिने जुन्याच राहतात, म्हणजे त्वचेतच आपली भरती करतात. पण अल्ट्राव्हायोलेटने त्वचा भाजली की मात्र रक्तातून नव्या येतात.

आणि शांत त्वचेत एका वेळी विभाजन करणाऱ्या असतात अगदी थोड्या. समजा २०० पेशी तपासल्या आणि ४ चमकल्या, तर एक इकडेतिकडे झाली की उत्तर लगेच २५ टक्क्यांनी हलतं. त्यामुळे हजारोंनी पेशी गोळा कराव्या लागतात, आणि छोट्याशा बायॉप्सीत तेवढ्या मिळाल्या तर नशीब.