टायटनवर ठिणगी पडली तर काय होईल?

शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेनची तळी आहेत, म्हणून तिथे एक काडी ओढली तरी अख्खा चंद्र पेटेल, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

आग लागायला इंधनाबरोबर ऑक्सिजनही लागतो. टायटनच्या हवेत सुमारे ९५ टक्के नायट्रोजन, उरलेलं बहुतेक मिथेन. मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. तो आहे, पण पाण्याच्या बर्फात अडकलेला, आणि उणे १७९ अंशांना तो बर्फ दगडासारखा टणक असतो. तिथे काही जाळायचंच ठरवलं तर ऑक्सिजनची टाकी पृथ्वीवरून न्यावी लागेल, आणि ज्योत त्या टाकीच्या तोंडाशीच राहील.

याची परीक्षा एकदा झालीही आहे. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने या हवेत घुसलं. त्याच्या ढालीपुढची हवा हजारो अंशांपर्यंत तापली, तरी काही पेटलं नाही. यान उतरलं ते ओलसर, वाळूसारख्या जमिनीवर. आजूबाजूला गुळगुळीत, गोलसर गोटे पडलेले. नदीतल्या गोट्यांसारखे, फक्त बर्फाचे. यानाच्या उबेने जमिनीतून मिथेनची वाफ निघाली आणि उपकरणाने ती टिपली.

मला तर स्फोटाच्या कथेपेक्षा हेच जास्त थक्क करतं: पृथ्वीच्या दीडपट दाबाच्या नारिंगी धुक्याखाली मिथेनचा पाऊस पडतो, नद्या वाहतात आणि उत्तर ध्रुवाजवळच्या क्राकेन मारे या समुद्रात द्रव साठतो.