ओळ कापली जाते, चित्र पुढे जाते : एआय मीमच्या बातम्यांची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या दैनिकाच्या डेस्कवर व्हायरल चित्र येते ते बहुधा तालुका वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, दुहेरी बाणाची 'अनेकदा फॉरवर्ड' खूण घेऊन. तोवर त्याचा जन्मदाखला हरवलेला असतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, तेव्हा तो कधी आणि कशाने तयार झाला ही फाइलमधली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते, पण फॉरवर्ड करणारा एवढी तसदी घेत नाही.

एआयने बनवलेल्या किंवा बदललेल्या चित्रांच्या बातम्यांची भारतातली सुरुवात फार जुनी नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये दिल्ली विधानसभेच्या प्रचारात भाजपचे नेते मनोज तिवारी यांचा इंग्रजी आणि हरियाणवीत बोलणारा, ओठ बदललेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला. मतदान ८ तारखेला झाले. त्यामागचे तंत्र उघड करणारी बातमी आली ती त्यानंतर दहाएक दिवसांनी. तेव्हा हा विषय 'तंत्रज्ञान' पानाचा होता, पहिल्या पानाचा नव्हे.

पहिल्या पानावर तो आणला २०२३ने. मार्चमध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटातले पोप फ्रान्सिस आले. ते चित्र मिडजर्नी या एआय चित्रसाधनावर बनवलेले होते, कुणाचे नुकसान करणारे नव्हते, म्हणून माध्यमांनी ते हसत-हसत छापले. 'नेटकऱ्यांच्या भुवया उंचावल्या' हा साचा अशा चित्रांना तेव्हापासून चिकटला तो अजून सुटलेला नाही. दोनच महिन्यांनी, २२ मे रोजी, पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचे बनावट चित्र ट्विटरवर पैसे भरून घेतलेल्या निळ्या टिकच्या खात्यावरून पसरले. अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटे घसरला आणि भारतातल्या एका वृत्तवाहिनीने ते खरे म्हणून दाखवून नंतर मागे घेतले. स्थानिक अग्निशमन दलाचा खुलासा लगेच आला होता. एक फोन किंवा त्यांचे खाते उघडून बघणे, एवढेच काम होते.

त्याच महिन्याच्या २८ तारखेचे प्रकरण मला जास्त शिकवणारे वाटते. दिल्लीत ताब्यात घेतलेल्या महिला कुस्तीपटूंचा पोलिसांच्या बसमधला खरा सेल्फी कुणीतरी चेहरे बदलणाऱ्या ॲपमध्ये टाकला आणि गंभीर चेहऱ्यांवर हसू चिकटवले. बस खरी, माणसे खरी, फक्त ओठ खोटे. एआय हाताला सहा बोटे काढते म्हणून दिला जाणारा 'बोटे मोजा' हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. उलट चित्रशोध करून, म्हणजे चित्रावरूनच इंटरनेटवर शोध घेऊन, मूळ फोटो शेजारी ठेवला तरच फरक दिसतो. तरीही सहा बोटांची चौकट आजही छापली जाते. नवी साधने बोटे नीट काढतात, देवनागरी पाट्याही बऱ्यापैकी लिहितात.

मग २०२५. मार्चमध्ये जिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीची चित्रे, सप्टेंबरमध्ये नॅनो बनाना या गूगलच्या चित्रसाधनाने नेसवलेल्या साड्या. या वेळी माध्यमे बातमीदार राहिली नाहीत, शिकवणीवाली झाली : 'असा करा तुमचा फोटो, हा घ्या प्रॉम्प्ट' (एआयला द्यायची सूचना). त्याच संकेतस्थळांवर लगोलग 'सावधान, फोटो अपलोड करताय?' आले. दोन्हींना वाचक मिळाले, तेव्हा तक्रार कोण करणार.

आता डेस्कवरचे काम. समजा, जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे एक देखणे चित्र आले : होम मैदान, धूर, मानाचे नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या. चित्र मोठे करून आधी काठ्या मोजाव्यात. मानाचे नंदीध्वज सात. मग कपडे. सोलापुरी माणूस नंदीध्वजाबरोबर पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यात, असतो. एआयला 'महाराष्ट्रातली यात्रा' सांगितले की ते सहसा भगवे फेटे आणि कुर्ते काढून मोकळे होते. ही तपासणी कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा लवकर होते, आणि ती गावातलाच माणूस करू शकतो. त्यानंतर गूगलच्या जेमिनीत चित्र टाकून त्यात सिंथआयडी ही एआय चित्रांतली अदृश्य खूण आहे का विचारावे. ही खूण चित्राच्या ठिपक्यांतच मिसळलेली असल्याने दाबादाबीतही बऱ्याचदा टिकते. मात्र ती मुख्यतः गूगलच्या साधनांची. 'खूण सापडली नाही' याचा अर्थ 'खरे आहे' असा लावला की फसलोच. शेवटी, पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागावी आणि त्याच जागेचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत का विचारावे. प्रत्यक्ष हजर असलेल्याकडे सहसा एकच फोटो नसतो.

खोटे ठरले तरी घोळ संपत नाही. पान लावताना 'हे चित्र एआयनिर्मित आहे' हे फोटोओळीत जाते. सकाळी ई-पेपरचे कात्रण काढणारा ओळ सोडून चित्रच घेतो, आणि आता त्यावर वर्तमानपत्राच्या पानाचा भारदस्तपणाही असतो. म्हणून 'बनावट' ही लाल पट्टी चित्रावरच हवी, तीही कडेला नको. कड कापायला बोटाचा एक फटका पुरतो. चेहऱ्यावरून किंवा मुख्य वस्तूवरून तिरपी, जाड. संकेतस्थळावर आणखी एक फट राहते : लिंकबरोबर व्हॉट्सॲपवर दिसणारा छोटा फोटो अनेक ठिकाणी वेगळा अपलोड होतो. बातमीत पट्टी असते, त्या छोट्या फोटोत नसते, आणि मथळ्यातले 'जाणून घ्या सत्य' नेमके तिथेच तीन टिंबांत गडप होते.