न झालेल्या लढतींचा निकाल कसा लावायचा?

२० जानेवारी १९७० रोजी सिनेमागृहांच्या पडद्यावर बॉक्सर रॉकी मार्सियानोनं मुहम्मद अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. ही लढत खरी नव्हती. आदल्या वर्षी मियामीत दोघांना रिंगमध्ये उतरवून एकेक मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या चित्रित करण्यात आल्या होत्या. वेगवेगळे शेवट टिपून ठेवले होते आणि त्यातला खरा कोणता, हे एनसीआर ३१५ या संगणकावर सोपवलं होतं. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. चित्रीकरणासाठी त्यानं वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. आपला हा शेवटचा विजय मात्र त्याला पाहता आला नाही. ऑगस्ट १९६९ मध्येच विमान अपघातात तो गेला.

संगणकाचा निकाल म्हटलं की लोकांना तो निःपक्षपाती वाटतो. पण त्या यंत्राला दिलेली माहिती माणसांचीच होती. कोणाचा ठोसा किती जबर, कोण किती चिवट, याला जाणकारांनी दिलेले गुण त्यात भरले होते. मत आत गेलं, मतच बाहेर आलं. ही लढत घडवून आणणाऱ्या मंडळींनीच १९६७ मध्ये रेडिओसाठी घेतलेल्या काल्पनिक स्पर्धेत अली जिम जेफ्रीजकडून हरला होता, आणि त्या निकालावरून अलीनं त्यांना कोर्टात खेचलं होतं.

मग जाणकारांच्या मतांऐवजी खऱ्या निकालांवरून काही काढता येईल का? बुद्धिबळात एलो मानांकन तेच करतं. दोन खेळाडूंमध्ये २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्याकडून शंभरात सुमारे ७६ गुणांची अपेक्षा धरतात. दोघे एकमेकांशी कधी खेळले नसले तरी मधल्या खेळाडूंच्या साखळीतून त्यांची तुलना होते. हेवीवेट बॉक्सिंगमध्ये अशी साखळी शंभर वर्षांहून लांब आहे. मार्सियानोची अखेरची लढत १९५५ मध्ये आर्ची मूरशी झाली आणि त्याच मूरला १९६२ मध्ये अलीनं हरवलं. म्हणजे मार्सियानो आणि अली यांच्यात फक्त एक कडी आहे.

ती कडीच कच्ची आहे. अलीसमोर उभ्या राहिलेल्या मूरचं वय किमान ४५ होतं, तर अली वीस वर्षांचा. बाकीच्या कड्या तपासल्या की खरी अडचण दिसू लागते. १९१० मध्ये जॅक जॉन्सननं हरवलेला जेफ्रीज ३५ वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परतला होता. १९१५ मध्ये विलार्डकडून हरला तेव्हा जॉन्सन ३७ चा, आणि १९१९ मध्ये डेम्प्सीनं झोडपला तेव्हा विलार्डही ३७ चाच. मार्सियानोसमोरचा जो लुई ३७, लॅरी होम्ससमोरचा अली ३८, माइक टायसनसमोरचा होम्स ३८, टायसन फ्युरीसमोरचा व्लादिमिर क्लिच्को ३९. दोन पिढ्या भेटतात त्या बहुतेक वेळा अशाच, एक चढतीला आणि एक उतरणीला. अशा निकालांवर मानांकन उभं केलं तर प्रत्येक नवी पिढी आपोआप जुनीपेक्षा सरस ठरत जाते. ही नोंदीतली चूक नाही. पिढ्यांची गाठ ज्या पद्धतीनं पडते तिच्यातच हा कल आहे.

वयाची वजावट करता येते, पण ती प्रत्येकाला सारखी लागू होत नाही. १९९४ मध्ये ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमननं मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं करून जगज्जेतेपद घेतलं. वयानुसार ताकद कशी घटते याचा सरासरी वक्र त्याच्यापाशी सपशेल चुकतो.

याच फोरमननं दुसरा प्रश्नही उभा केला आहे, आणि मला तो वयापेक्षा खोल वाटतो. १९७१ मध्ये जो फ्रेझरनं अलीला हरवलं. १९७३ मध्ये फोरमननं फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. १९७४ मध्ये किन्शासात अलीनं फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. दगड-कागद-कात्रीसारखं हे वर्तुळ आहे. प्रत्येकाला एकच आकडा देणारी पद्धत माणसांना शिडीवर उभं करते, आणि वर्तुळ शिडीवर मावत नाही. वाकून आत घुसणारा फ्रेझर फोरमनच्या अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, आयताच सापडत होता. अली सापडत नव्हता.

आता शरीराकडे येऊ. मार्सियानोची उंची सुमारे १.७९ मीटर, वजन ८५ किलोच्या आसपास. फ्युरी २.०६ मीटर. उंचीचं गुणोत्तर १.१५ आहे. शरीराची ठेवण तीच राहिली तर वजन उंचीच्या घनानं वाढतं, म्हणजे दीडपट, साधारण १२९ किलो. फेब्रुवारी २०२० मध्ये वाइल्डरशी लढताना फ्युरी १२४ किलोचा होता, म्हणजे हिशेब फारसा चुकत नाही. स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गावर अवलंबून असते. ती १.३२ पटच होते. वजनाच्या मानानं मोठा माणूस दुबळा पडतो, लवकर दमतो. पण ठोशाला वजनाचं प्रमाण कळत नाही, त्याला एकूण जोरच लागतो. १९८५ मध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा प्रयोगात मोजला, तेव्हा मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि कमाल बल ४०९६ न्यूटन भरलं. सहा किलोचा, गादी लावलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटरनं बसावा तसा हा मार.

आजच्या नियमांनुसार ९०.७ किलोपर्यंत क्रूझरवेट गट असतो. मार्सियानो आणि डेम्प्सी त्यात बसले असते. त्यांना फ्युरीसमोर उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. नियम कोणत्या काळाचे घ्यायचे हेही आधी ठरवायला हवं. विलार्डला पाडल्यावर डेम्प्सी त्याच्या शेजारीच उभा राहायचा आणि तो उठू लागताच पुन्हा मारायचा. आज त्याला दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबावं लागलं असतं.

एवढं सगळं ठरवूनही हाती येते ती शक्यताच. समजा, एक बॉक्सर प्रत्येक फेरी जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे आणि नॉकआउट होत नाही. बारा फेऱ्यांत तो जिंकण्याची शक्यता ५३ टक्के, बरोबरीची २१ आणि हरण्याची २६. सरस असूनही चारांतली एक लढत तो गमावतो.

मला स्वतःला एक जोडी फार खुणावते. १९६६ चा अली आणि मे २०२४ मध्ये फ्युरीला हरवणारा ओलेक्सांडर उसिक. उंची दोघांची १.९१ मीटर, वजनं सुमारे ९६ आणि १०१ किलो, आणि दोघांचा भर पायांवर. उसिक डावखुऱ्या पवित्र्यानं लढतो. सप्टेंबर १९६६ मध्ये फ्रँकफर्टला अलीची गाठ कार्ल मिल्डेनबर्गर या डावखुऱ्याशी पडली होती. उसिकच्या तोडीचा तो नव्हता, तरी ऐन भरातल्या अलीला त्याचा नेम धरणं जड गेलं आणि लढत बाराव्या फेरीपर्यंत लांबली. अंदाज बांधायचा झाला तर मी त्या लढतीच्या चित्रफितीपासून सुरुवात करेन.