एसडब्ल्यूआर एकास एक, तरी २८ वॅट मातीत

उभ्या अँटेनाचा डोळ्यांना दिसतो तो भाग निम्माच. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, अंगणात साडेदहा मीटरचा अॅल्युमिनियमचा पाइप उभा करतो. ही झाली पाव तरंगलांबी. रेडिओकडून येणाऱ्या कोअॅक्स केबलची मधली तार पाइपला जोडली, पण बाहेरची जाळी कशाला जोडायची? बरेच नवखे तांब्याचा एक रॉड जमिनीत ठोकतात आणि मोकळे होतात. आकाशातल्या विजेसाठी ती अर्थिंग हवीच, पण रेडिओच्या प्रवाहाचं तेवढ्यावर भागत नाही.

पाइपमध्ये जितका प्रवाह वर जातो, तितकाच भोवतालच्या जमिनीतून बुंध्याशी परत यावा लागतो. माती वाहक म्हणून सुमारच, त्यामुळे वाटेत बरीच ऊर्जा तिला तापवण्यात जाते. म्हणून बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पसरायच्या. त्याच या रेडियल तारा.

आता गंमत बघा. अशा अँटेनाचा प्रारण-रोध, म्हणजे ऊर्जा लहरी होऊन बाहेर पडते तो रोध, सुमारे ३६ ओहम. जमिनीने त्यात १४ ओहमची भर घातली की बेरीज बरोबर ५०, नेमकी ५० ओहमच्या केबलला जुळणारी. केबल आणि अँटेना किती जुळले हे सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर एकास एक, म्हणजे पूर्ण जुळणी, दाखवतो, मालक खूश! आणि १०० वॅटमधले २८ वॅट मातीत. भरपूर तारा टाकल्या की जमिनीची भर घटते, बेरीज ३६ कडे उतरते आणि तोच मीटर १.४ कडे सरकतो. अँटेना सुधारला आणि मीटर म्हणतो बिघडला.

तारा किती हव्यात, हे ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी अमेरिकेत ३ मेगाहर्ट्झवर मोजून १९३७ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी ११३ पर्यंत तारा घालून पाहिल्या. पुढे तिथल्या मध्यमलहरी केंद्रांसाठी पाव तरंगलांबीच्या १२० तारा हा दंडक झाला. मुंबई आकाशवाणीच्या ५५८ किलोहर्ट्झला तो लावला, तर जवळपास १६ किलोमीटर तार लागेल. हौशी माणसाला १६ ते ३२ तारांत बरंच साधतं. प्रवाह बुंध्याजवळ दाटतो, म्हणून तार मोजकीच असेल तर चार लांब तारांपेक्षा सोळा आखूड बऱ्या. जमिनीवर पसरलेल्या तारेची लांबी काटेकोर नसली तरी चालतं. हवेत उचललेल्या तारेची मात्र मापातच हवी.

खरा घात जोडांत होतो. बुंध्याशी भोकं पाडलेली स्टेनलेस स्टीलची प्लेट, तिला केबलची जाळी, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला लग (धातूची भोकाची टोपी) लावून नटबोल्ट. तांबं थेट अॅल्युमिनियमवर आवळलं तर पावसाच्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घालावा. साधं शिसं-कथलाचं सोल्डरिंग ओल्या मातीत टिकत नाही, म्हणून जोड जमिनीच्या वरच बरे.

तारा पुरेशा झाल्या की नाही, हे बुंध्याशी रोध मोजून कळतं. एकदा मे महिन्यात मोजा, एकदा ऑगस्टमध्ये. तारा कमी असतील तर मातीच्या ओलीबरोबर आकडा हलतो.