मेंदूचे आकुंचन मोजण्याचा इतिहास आणि सीमाभागातील विस्मरण

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची वयस्कर माणसे विस्मरणाच्या तक्रारीवरून बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला जाऊन एमआरआय काढून आणतात, तेव्हा अहवालात पुष्कळदा ‘वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन’ अशा अर्थाची एक ओळ असते. ‘साठी बुद्धी नाठी’ अशी घरात आधीच समजूत झालेली असते. या ओळीने तिच्यावर शिक्कामोर्तब होते आणि पुढची विचारपूस थांबते. वयाचे आकुंचन आणि आजाराचे आकुंचन वेगळे ओळखता यावे यासाठी वैद्यकशास्त्राने शतकभर खटपट केली आहे.

आलोइस अल्झायमर यांनी 1906 साली आपल्या 55 वर्षांच्या मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले, तेव्हा तो सर्वत्र सारखाच आकसलेला दिसल्याचे त्यांनी नोंदवले होते. झीज नेमकी कोठून सुरू होते, हे त्या शेवटच्या अवस्थेतील मेंदूवरून कळणे शक्य नव्हते. कानशिलाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी साठवण्यासाठी अत्यावश्यक असतो, हे 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी दाखवले. पुढे 1991 मध्ये हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने शवविच्छेदनातील मेंदू तपासून अल्झायमर रोगातील तंतुगुंते (चेतापेशींत साचणारे प्रथिनांचे गुंते) आधी हिप्पोकॅम्पसच्या लगतच्या पट्ट्यात, मग हिप्पोकॅम्पसमध्ये आणि त्यानंतर मेंदूच्या बाह्य आवरणात पसरतात, असा क्रम मांडला.

जिवंत माणसात हे पाहण्याची सोय एमआरआयने झाली. 1992 मध्ये क्लिफर्ड जॅक यांच्या गटाने अल्झायमरच्या रुग्णांतील हिप्पोकॅम्पसचे घनफळ मोजले. त्याच वर्षी फिलिप शेल्टन्स यांनी फिल्म नुसती डोळ्यांनी पाहून हिप्पोकॅम्पसच्या भागातील आकुंचनाला 0 (आकुंचन नाही) ते 4 (सर्वाधिक) अशी श्रेणी देण्याची पद्धत सुचवली, आणि ती आजही वापरात आहे. पंचाहत्तरीच्या आतल्या माणसात श्रेणी 2 असेल तर ती सर्वसाधारणपणे वयाच्या खात्यावर टाकत नाहीत. म्हणून अहवालात ही श्रेणी लिहिलेली नसेल, तर ती आवर्जून विचारावी.

रोजचे व्यवहार नीट चालू आहेत, पण स्मरणशक्ती वयाच्या मानाने उणावली आहे, अशा मधल्या अवस्थेची, म्हणजे सौम्य बोधनदोषाची, व्याख्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पक्की केली. त्यांच्या रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे 12 टक्के लोकांना पुढे अल्झायमर जडला. निरोगी वृद्धांत हे प्रमाण 1 ते 2 टक्के होते. या मधल्या अवस्थेत ज्यांचा हिप्पोकॅम्पस लहान, त्यांना धोका अधिक, हेही त्याच वर्षी जॅक यांनी दाखवले. स्मृतिभ्रंश उघड होईपर्यंत हिप्पोकॅम्पसचे घनफळ साधारण 15 ते 30 टक्क्यांनी घटलेले असते. एकाच फिल्मपेक्षा वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म अधिक सांगतात, कारण निरोगी वार्धक्यात हिप्पोकॅम्पस वर्षाला दीडेक टक्का घटतो, तर अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास.

तरीही घनफळ म्हणजे माणसाची कुवत नव्हे, आणि आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2012 मध्ये टोरांटोतील संशोधकांना असे आढळले, की चाचणीत सारखेच गुण मिळवणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णांत द्वैभाषिकांच्या मेंदूची झीज एकभाषिकांपेक्षा जास्त होती. म्हणजे तेवढी झीज सोसूनही त्यांचे चालत होते. सुवर्णा अल्लाडी यांनी 2013 मध्ये हैदराबादच्या 648 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात द्वैभाषिकांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली, आणि निरक्षरांतही असा फरक होता. घरात मराठी आणि बाजारात, कचेरीत कन्नड बोलत आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या बाबतीत म्हणूनच दुहेरी काळजी घ्यावी लागते: बोलणे ठीक आहे म्हणून फिल्मवरील झीज किरकोळ मानू नये, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची कन्नडमधून चाचणी घेऊन कमी पडलेले गुण आजाराच्या माथी मारू नयेत. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तयार केलेला बोधनचाचण्यांचा, म्हणजे स्मरण, भाषा वगैरे तपासणाऱ्या चाचण्यांचा, संच पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत आला. त्यात मराठी नव्हती. तेव्हा रुग्ण पाढे कोणत्या भाषेत म्हणतो आणि हिशेब कोणत्या भाषेत करतो, हे घरच्यांनी तपासणीच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे.