मैदान-बागेच्या नूतनीकरणावर हरकत-सूचना: कोण देऊ शकतं, कुठे, कोणत्या कागदांसह

मैदानाभोवती पत्रे ठोकले जातात, झोपाळे काढून नेले जातात, फाटकावर 'काम सुरू आहे' असा फलक लागतो. मग कट्ट्यावर बसणारे आजोबा विचारतात, "आपल्याला कुणी विचारलं होतं का?" काही वेळा विचारलेलं असतं, पण ते राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. काही वेळा विचारण्याचं कायद्याने बंधनच नसतं. तुमच्या मैदानाचं यातलं कोणतं प्रकरण आहे, ते पहिल्याच दिवशी ओळखा. अर्ज कोणता, कुठे आणि किती दिवसांत, हे सगळं त्यावर ठरतं.

वापर बदलतोय का, हे आधी पाहा

विकास योजनेत (शहरातली कोणती जागा कशासाठी, ते ठरवणाऱ्या आराखड्यात) खेळाचं मैदान किंवा उद्यान म्हणून आरक्षित असलेल्या जागेवर वाहनतळ, सभागृह, व्यापारी गाळे असं दुसरं काही आणायचं असेल, तर आधी योजनेत फेरबदल करावा लागतो. तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. त्यासाठी महापालिकेने किंवा नगरपरिषदेने राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात, आणि मुदत सूचनेच्या तारखेपासून एक महिना. तुम्हाला बातमी कळली त्या दिवसापासून नव्हे. आमच्या भागातल्या एका मैदानाची सूचना आम्हाला कळली तेव्हा चारच दिवस उरले होते. त्यानंतर आम्ही नगररचना विभागाचा सूचनाफलक दर आठवड्याला पाहायचं ठरवलं, आणि ती सवय आजही मोडलेली नाही. राज्य सरकार स्वतःही असा फेरबदल सुचवू शकतं. तेव्हाही एक महिन्याची मुदत असते. फक्त हरकत कुणाकडे पाठवायची ते सूचनेतच वाचावं लागतं.

संपूर्ण शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली, तर कलम २६ नुसार ३० दिवस मिळतात. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी तिची रचना असते. लोकांच्या हरकतींनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचं २०१५ आठवावं. शहराच्या प्रारूप विकास आराखड्यातल्या चुकांबद्दल एवढा गदारोळ झाला की सरकारने तो नव्याने करायला लावला.

पात्रता

कलम ३७ मध्ये शब्द आहेत 'कोणतीही व्यक्ती'. म्हणून जागामालक असण्याची, करदाता असण्याची, अगदी त्या प्रभागाचा मतदार असण्याचीही अट नाही. भाडेकरू, रोज सरावाला येणारी मुलगी, फाटकाबाहेरचा भेळवाला, संध्याकाळी मालकांची मुलं खेळायला आणणाऱ्या मावशी, यांतलं कुणीही हरकत देऊ शकतं. आणि यांनीच द्यावी, असं मला मनापासून वाटतं. सोसायट्यांचे अध्यक्ष तर लिहितातच; पण बाकं कुठे हवीत आणि दिवा कुठे बंद असतो, ते मावशींना जास्त नेमकं ठाऊक असतं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून द्यावं आणि खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा.

कागदपत्रे

सर्वात आधी जागेचा दाखला मिळवा. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा दाखला) आणि विकास योजनेचा भाग नकाशा, आणि सोबत मिळकत पत्रिका किंवा सातबारा. यावरून जमीन कुणाची आणि आरक्षण कसलं ते कळतं. कधी कधी उलगडतं की ते 'मैदान' म्हणजे एखाद्या लेआउटमधली (भूखंड पाडून वसवलेल्या वसाहतीतली) खुली जागा आहे. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के क्षेत्र असं मोकळं ठेवावं लागतं. तिथला हक्क तिथल्या भूखंडधारकांचा असतो, म्हणून युक्तिवादही वेगळा करावा लागतो.

हरकतीला जोडायचे कागद: सूचनेची प्रत, नकाशावर खूण केलेली जागा, तारखेसह छायाचित्रे. संस्थेतर्फे देत असाल तर ठरावाची प्रत आणि प्रतिनिधीला दिलेलं अधिकारपत्र. ओळखपत्राची प्रत लावली तर आवक खिडकीवर अडत नाही.

पत्राचा विषय मोघम ठेवू नका. असा लिहा: 'सूचना क्र. …, दिनांक … अन्वये, सिटी सर्व्हे नं. … येथील खेळाच्या मैदानाचे आरक्षण क्र. … बदलण्यास हरकत.' खाली क्रमांक घालून मुद्दे. रोज साधारण किती मुलं खेळतात, जवळचं दुसरं मैदान किती लांब आहे, पावसाळ्यात पाणी कुठे मुरतं. त्यानंतर तुम्हाला काय हवं आहे ते. नुसता विरोध वाचून अधिकारी पान उलटतो. पर्याय मांडला तर त्यावर काहीतरी शेरा लिहावाच लागतो. शेवटचं वाक्य न विसरता घाला: 'मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.' दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स देण्यापेक्षा आपापल्या शब्दांतली वीस पत्रं माझ्या मते जास्त मोलाची.

कायद्याचा आधार द्यायचा तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगळूरु मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा हा निकाल नमूद करा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं न्यायालयाने रद्द ठरवलं, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला.

वापर तोच, फक्त दुरुस्ती

इथे खरी अडचण आहे. बाग बागच राहणार, पण मातीच्या जागी फरशी येणार, मोकळ्या कोपऱ्यात कारंजं येणार, यासाठी कलम ३७ लागू होत नाही. निविदा निघते आणि काम सुरू होतं. म्हणून आराखडा कागदावर असतानाच तो बघायला जायला हवं. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. उद्यान विभागात जाऊन अंदाजपत्रक आणि आराखडा मागा. दिला नाही तर माहिती अधिकार: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस.

पुण्यात आणखी एक वाट आहे. २००६ पासून महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. एका कामासाठी ५ लाख रुपयांपर्यंतची सूचना क्षेत्रीय कार्यालयात साध्या अर्जावर देता येते. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात. तुटकी खेळणी, उतार, बाकं, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामं यात बसतात. चाकाच्या खुर्चीसाठी उतार मागायला तर अजिबात संकोच करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ तुमच्या पाठीशी आहे.

गावात मात्र मार्ग सरळ आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी ते. नियमित सभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. मैदानाचा विषय तिथेच मांडला तर ठरावात मुलींच्या खेळाची जागा येण्याची शक्यता वाढते. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून लेखी अर्ज आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि त्याचीही पोच घ्या.

झाडं तुटणार असतील तर

याची नोटीस वेगळी असते. १९७५ च्या वृक्ष अधिनियमानुसार वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत नोटिशीतच असते आणि ती फार लहान असते, अनेकदा ७ दिवसांचीच. नोटिशीचा फोटो काढा, झाडाचा क्रमांक आणि बुंध्याचा घेर लिहून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं, त्यामुळे वयाचा पुरावा जोडायला विसरू नका. जुन्या फोटोत ते झाड दिसत असेल, तर तोही पुरावाच. आमच्या बागेतल्या वडाचं वय एका आजींच्या लग्नाच्या फोटोवरून दाखवता आलं होतं. मागे पारावर तोच वड उभा होता.