सांडपाणी प्रक्रिया यंत्राचं पेटंट खरंच नवं आहे का? हरकत घेण्याची पद्धत, पात्रता आणि कागदपत्रं

वर्षानुवर्षं आपण बसवत आलेल्या एसटीपीसारखंच (सांडपाणी प्रक्रिया यंत्रासारखंच) यंत्र ‘नवा शोध’ म्हणून कुणी पेटंटला टाकलं, तर गप्प बसू नका. पेटंट कायद्यात हरकतीची सोय आहे.

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही फॉर्म ७अ भरून हरकत घेऊ शकतो (कलम २५(१)). २०२४ च्या नियमांपासून त्याला शुल्क आहे. पेटंट मिळून गेलं असेल, तर ते प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत फॉर्म ७ भरावा. मात्र इथे हरकत घेणाऱ्याचा त्या विषयाशी हितसंबंध असावा लागतो. त्याच धंद्यातला उत्पादक किंवा संशोधक चालतो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे येतात.

खरी लढाई क्लेमवर होते, म्हणजे पेटंटच्या अर्जात नेमक्या कशावर हक्क सांगितला आहे त्या मजकुरावर. ‘हे तर जुनंच आहे’ एवढं म्हणून भागत नाही. क्लेममधला प्रत्येक भाग एकाच जुन्या दस्तऐवजात सापडला, तरच नावीन्य कोसळतं. दोन-तीन कागद जोडावे लागत असतील, तर मुद्दा नावीन्याचा उरत नाही. ‘जाणकाराला हे सहज सुचलं असतं’ हे सिद्ध करावं लागतं. हवा सोडून गाळ पुन्हा टाकीत फिरवण्याची पद्धत अर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मँचेस्टरमध्ये १९१४ मध्येच मांडली. त्यामुळे तेवढ्यावर आज कुणी हक्क सांगू शकत नाही. आपापलं काम स्वतंत्रपणे करणारी माहितीतली उपकरणं नुसती एकापुढे एक मांडली, तर कलम ३(फ) नुसार तो शोधच ठरत नाही. हा मुद्दा हरकतीत जरूर घ्या, कारण या क्षेत्रातले पुष्कळ अर्ज जोडणीचेच असतात.

हरकतीसोबत मुद्द्यांचं निवेदन, प्रतिज्ञापत्रासह पुरावे आणि पेटंट एजंट नेमला असल्यास त्याला अधिकार देणारा फॉर्म २६ जोडा. जुन्या निविदा, ड्रॉइंग, कॅटलॉग, खरेदी आदेश उपयोगी पडतात. पण त्यांवरची तारीख पेटंटच्या अग्रक्रम तारखेच्या (त्या शोधासाठीचा पहिला अर्ज केल्याच्या तारखेच्या) आधीची हवी आणि मजकूर लोकांसाठी खुला असायला हवा. कपाटात बंद राहिलेलं ड्रॉइंग ‘प्रसिद्ध’ मानलं जात नाही. प्रत्यक्ष वापर दाखवायचा असेल, तर तो भारतातला आणि उघड असावा. नगरपालिकेचे मराठी कागद जोडताना इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर द्यावं लागतं. ते आधीच करून घ्या.

वर्षाची मुदत हुकली, तरी हितसंबंध असलेल्याला कलम ६४ खाली उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते.